आमच्या घरची जीभ

माझ्या सासऱ्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं, त्या दिवशी आमच्या घरात कोणाचाच घास खाली उतरला नाही. बटाट्याचं साधं सूप होतं. त्यांनी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "छान झालंय हं." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे आणखी कोणी बाई उभी आहे की काय म्हणून. सासरे नुकतेच तापातून उठले होते. नवऱ्याला वाटलं, ताप डोक्यात गेला.

त्यांच्या लग्नाला तीसेक वर्षं तरी झाली असतील. एवढ्या काळात बायकोच्या हातचं खाऊन सासरे काय काय म्हणाले नसतील! "मीठ घाईत घातलंयस." "कांदा एकाच बाजूने जळलाय, गप्पा मारत होतीस ना?" "दूध कालचं आहे का? आजचं? मग गाय कालची असेल." पाहुण्यांना हे ऐकून हसू यायचं. पाहुण्यांचं बरं असतं, ते आपापल्या घरी जातात. सासूबाईंनी मात्र कधी ब्र काढला नाही. त्यांना फक्त रक्तदाब झाला.

सासऱ्यांची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की ती जीभ त्यांची नव्हतीच, कारखान्याची होती. आमच्या गावात चॉकलेटचा कारखाना आहे आणि सासरे तिथले मुख्य चाखणारे. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'जीभ'च म्हणतात. "जीभ आली का?" "जीभ आज चिडलीय, जपून." "जीभ रजेवर आहे, माल थांबवा." मीही तिथेच चाखायला आहे. आधी मी त्यांच्या हाताखाली लागले आणि मग त्यांच्या मुलाशी लग्न केलं. दिवसभराचा जाच पुरेना म्हणून रात्रीचाही पदरात पाडून घेतला, असं माझी आई म्हणते. घरी मी त्यांना बाबा म्हणते, कारखान्यात साहेब. तिथे चुकून बाबा म्हटलं तर ते ऐकूच येत नसल्यासारखं करतात.

चॉकलेट चाखायची नोकरी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मग त्याची नजर माझ्या कमरेकडे जाते आणि तो विचारतो, "शुगर वगैरे तपासता ना?" त्याला कोणी सांगावं, की आम्ही चॉकलेट खातच नाही. लहानशा खोलीत लाल दिवा लावून आम्ही बसतो, म्हणजे तुकड्याचा रंग पाहून मन आधीच काही ठरवत नाही. तुकडा तोंडात घ्यायचा, विरघळू द्यायचा आणि शेजारच्या कपात थुंकायचा. मग कोमट पाणी, अळणी बिस्किटाचा कोपरा, पुढचा तुकडा. गिळायचं नाही. "गिळणं हे गिऱ्हाइकाचं काम," असं सासरे म्हणायचे. ते स्वतः काडीसारखे बारीक आहेत आणि त्यांची शुगर माझ्यापेक्षा चांगली आहे. ज्यांनी जन्मात चॉकलेटला हात लावला नव्हता, दात किडतात, वजन वाढतं म्हणून ज्या नाक मुरडत आल्या, त्या सासूबाईंनाच रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या.

पण पहिला दिवस मी विसरणार नाही. मी तुकडा तोंडात टाकला आणि चावला. सासरे ओरडले, "चावतेस काय? बिस्किट आहे का ते? जिभेवर ठेव आणि गप्प बस. ते आपणहून बोलेल." मी गप्प बसले. आधी काहीच नाही. मग तुकड्याच्या कडा हळूच सैल झाल्या, गोडी आली, गोडीच्या मागून सुकवलेल्या फळाचा आंबटपणा, मग भाजलेल्या दाण्यांचा वास आणि अगदी शेवटी कडू. तेही इतकं निसटतं, की खरंच होतं का ते पाहायला दुसरा तुकडा घ्यावासा वाटावा. एवढं सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यात असतं हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मला थुंकवेना. मी चोरून गिळलं. सासऱ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आजच्या दिवस माफ." ह्या माणसाला मी इतकी वर्षं सहन केलं ते त्या एका वाक्यावर.

आमच्या खोलीची एक पद्धत आहे. चाखताना कोणी बोलायचं नाही. माल पसंत पडला तर सासरे आपला पाण्याचा रिकामा पेला पालथा घालतात. नापसंत असेल तर पेला तसाच उभा राहतो. मग बाकीच्यांनी आपापल्या मनाप्रमाणे पेला पालथा घालायचा किंवा ठेवायचा. आपापल्या मनाप्रमाणे, असं नियमात आहे. जिभेचा पेला पालथा झाल्यावर दुसऱ्या कोणाचा उभा राहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

तर त्या तापानंतर कारखान्यात नवीन माल निघायचा होता. आमच्या मालकीणबाईंना हृदयाला चांगलं असं चॉकलेट काढायचं होतं. कोको भरपूर, साखर नावाला. त्यासाठी हृदयाच्या एका डॉक्टरांना बोलावलं होतं. डॉक्टर सज्जन माणूस. ते म्हणाले, "असं चॉकलेट थोड्या प्रमाणात खाल्लं, तर रक्तवाहिन्यांना कदाचित काहीसा फायदा होत असावा, असं काही अभ्यासांवरून वाटतं. पण ह्याला औषध समजू नये." जाहिरातवाल्यांनी त्यातलं 'थोड्या प्रमाणात' काढलं, 'कदाचित' काढलं, 'काहीसा', 'असावा', 'वाटतं' काढलं आणि 'पण'च्या पुढे जागाच उरली नाही. डॉक्टरांनी जाहिरात पाहून कपाळाला हात लावला. तोवर त्यांचा हसरा फोटो छापून झाला होता.

पहिला घाणा निघाला त्या दिवशी भट्टीवाल्याची दाढ ठणकत होती. आयुष्यभर कोकोच्या बिया भाजणाऱ्या माणसाची दाढ दुखावी, ह्यावर आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं. तो गाल धरून बसला आणि बिया भट्टीत राहून गेल्या. तुकडा जिभेवर ठेवला आणि मला वाटलं, कोणीतरी टायर जाळून त्याची राख त्यात घोटलीय. शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, आज भट्टीवाल्याचं काही खरं नाही, दाढेसकट ओरडा खाणार.

सासऱ्यांनी तुकडा कानाशी नेऊन मोडला. कट्‌ असा स्वच्छ आवाज आला. तुकडा जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा गळा हलला. त्यांनी तो गिळला होता. कपाकडे त्यांचा हातही गेला नाही. आणि त्यांनी पेला पालथा घातला.

एकामागून एक सगळे पेले पालथे झाले. माझाही झाला. बाहेर येऊन सगळे एकमेकांना सांगू लागले, की हृदयाचा माल असाच लागत असणार, आपल्याला काय कळतं. मी मात्र हात धुवायच्या नळाशी उभी राहिले आणि मला ते बटाट्याचं सूप आठवलं. त्यानंतरचं करपलेलं ऑम्लेट आठवलं, "मस्त!" बेचव भोपळा आठवला, "वा!" आवाज त्यांना ऐकू येत होता, तुकडा नीट विरघळतो की नाही ते जिभेला समजत होतं. चव तेवढी गेली होती. ताप जाताना ती घेऊन गेला होता आणि सासऱ्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता मी काय करायला हवं होतं? सासऱ्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. मालकीणबाई म्हणायच्या, "जीभ आहे तोवर ती खुर्ची तुमची." म्हणजे जीभ गेली की खुर्ची गेली. आणि खुर्ची गेली तर हा माणूस उरणार किती? त्यांना ना पत्ते खेळता येत, ना शेजाऱ्यांशी बोलता येतं. त्यांना फक्त चव कळायची. बरं, त्यांना एकांतात गाठून डॉक्टरकडे चला म्हणावं, तर घरी सासूबाई.

सासूबाईंचं काय वर्णन करू! बाई गुणगुणायला लागल्या होत्या. मासिकातून पाककृती कापून फ्रिजवर चिकटवत होत्या. जेवायला बसताना केस नीट करून यायच्या आणि सासऱ्यांनी "झकास" म्हटलं की "इश्श, काहीतरीच," असं म्हणून आणखी वाढायच्या. पुढच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब उतरलेला निघाला. जे काम कोको करणार म्हणून आम्ही जाहिरात करत होतो ते बेचव भोपळ्याने आधीच केलं होतं. ह्या बाईला जाऊन कोणी सांगायचं, की तुमची स्तुती म्हणजे एका आजाराचं लक्षण आहे? मी तोंडात मूग धरून बसले.

इकडे बाजारात त्या जळक्या चॉकलेटने धुमाकूळ घातला. दुकानांत ते उरेना. "इतकं वाईट लागतं म्हणजे काहीतरी गुण असणारच," असं लोक म्हणत होते. कारखान्यात फोन यायचे. एकाचा गुडघा दुखायचा थांबला होता, एकीच्या नवऱ्याचं घोरणं थांबलं होतं. पूर्वी लोक आमचं चॉकलेट लपवून खायचे आणि वर मनाला लावून घ्यायचे. आता ते चारचौघांत खात होते, तोंड वेडंवाकडं करून आणि मोठ्या समाधानाने. सासूबाईही रोज सकाळी नाक दाबून एक तुकडा घ्यायच्या. "ह्यांनी पास केलेलं आहे," असं शेजारणीला सांगायच्या. तीस वर्षांत नवऱ्याच्या कारखान्यातलं एक चॉकलेट त्यांनी तोंडात घातलं नव्हतं. घातलं ते हे.

मग दुसरा घाणा काढायची वेळ आली. मालकीणबाई स्वतः लाल दिव्याच्या खोलीत येऊन बसल्या, सोबत डॉक्टरांनाही आणलं. म्हणाल्या, "चव तीच पाहिजे. तसूभर फरक चालणार नाही. लोकांचा विश्वास बसलाय त्या चवीवर." आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणालात की मी डोळे झाकून बाजारात पाठवते."

तुकडे वाटले. मी माझा जिभेवर ठेवला. चॉकलेट सुंदर होतं. भट्टीवाल्याने मधल्या काळात दाढ काढून घेतली होती आणि बिया अशा भाजल्या होत्या, की नजर लागावी. पहिल्या दिवशीसारखं वाटलं मला, ते सुकवलेलं फळ, ते दाणे, सगळं. आणि हाच माल घेऊन मालकीणबाई बाजारात गेल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांनी आमची तक्रार केली असती, की ह्यात भेसळ आहे, हे चांगलं लागतंय. मग पहिला प्रश्न आला असता, की पास कोणी केलं.

सासऱ्यांनी तुकडा मोडला. आवाज चोख. डोळे मिटले, गिळलं. आणि त्यांचा हात पेल्याकडे गेला.

"बाबा," मी म्हणाले.

त्या खोलीत चाखताना कोणी बोलल्याचं मालकीणबाईंनी कधी ऐकलं नसावं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, साहेब. मागच्या खेपेला शेवटी जळकी चव होती ना, ती ह्यात मला सापडत नाहीये. अगदी गोडसर, भाजल्या दाण्यांसारखं लागतंय. का माझंच नाक चोंदलंय?"

सासऱ्यांचा हात पेल्यावर तसाच राहिला. लाल उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी हात मागे घेतला. पेला उभाच राहिला.

"उशिरा कळलं तुला," ते म्हणाले. मग आवाज चढवून, "भट्टीवाल्याला बोलवा! काय चाललंय काय? चांगलं भाजून ठेवलंय सगळं!"

भट्टीवाला बिचारा धावत आला. आयुष्यात प्रथमच त्याने नीट काम केल्याबद्दल बोलणी खाल्ली. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मग आता दुसरी दाढ दुखेपर्यंत थांबू का?" डॉक्टर तेवढे हसले. मालकीणबाई म्हणाल्या, "बघा, ह्याला म्हणतात जीभ!" आणि कौतुकाने मान डोलावली.

मी आणि सासरे चालत घरी निघालो. बेकरीच्या कोपऱ्यावर ताज्या पावाचा वास दरवळत होता. पूर्वी ते तिथे थांबून बेकरीवाल्याच्या यीस्टला नावं ठेवायचे. आज तसेच पुढे गेले. मग अचानक म्हणाले, "केव्हापासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या घाण्यापासून."

"घरी बोललीस?"

"नाही. बाबा, डॉक्टरकडे जाऊ या ना."

"जाऊन आलो. परत येईल म्हणतात, नाहीतर नाही येणार." ते थोडं चालले. "तुला सांगू? सगळं ओल्या कागदासारखं लागतं. पण तिचा चेहरा बघतेस ना हल्ली? एवढं सोपं होतं गं ते. एक शब्द. चव होती तेव्हा मला कधी सुचला नाही." मग थांबून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला कळू देऊ नकोस. मी खोटं बोलतोय असं वाटेल तिला."

मी बरं म्हटलं. मला त्यांचा रागही आला आणि माझे डोळेही भरून आले. ह्या दोन गोष्टी एकदम होऊ शकतात हे मला सासरी आल्यावरच कळलं.

पण गोष्टी काय आपल्या कबुलीवर थोड्याच चालतात! त्याच आठवड्यात सासूबाई स्वयंपाक करता करता शेजारणीशी बोलत बसल्या. विषय अर्थात ते चॉकलेट, शेजारणीच्या यजमानांचा गुडघाही सुधारत होता. नवरा अजून कामावरून यायचा होता. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी चमचाभर सूप तोंडात घेतलं. त्यात मीठ अजिबात नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही.

मी सासऱ्यांना खूण करायला वर पाहिलं, तोवर ते म्हणाले होते, "वा! आज तर कमालच केलीस."

सासूबाई हसल्या, लाजल्या आणि स्वतःची वाटी ओढून त्यांनी एक चमचा घेतला. चमचा ओठांशी थांबला. त्यांनी मिठाच्या बरणीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. सासरे मान डोलावत खात होते. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. इतक्या दिवसांच्या सगळ्या वाट्या त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेल्या असाव्यात. त्या उठून आत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. मी त्यांच्या मागे गेले नाही, माझी छाती झाली नाही. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्यांनी मुलासाठी ठेवलेल्या सुपात मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या गुणगुणल्या नाहीत. फ्रिजवरचे कागदही काढून टाकले. मला वाटलं, आता आज ना उद्या भडका उडणार. तीस वर्षांचं साठलेलं आहे, आणि बाईला पुरावाही मिळाला आहे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो, नवराही होता. पुन्हा बटाट्याचंच सूप. सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं, आपली वाटी घेतली, एक घोट घेतला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "अहो, आज मीठ जरा जास्तच पडलंय. हात चुकला बघा माझा."

सासऱ्यांचा चमचा वाटेत थांबला. लाल दिव्याच्या खोलीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं तसंच त्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाई वाटीत बघत होत्या.

"जरा?" सासरे म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढला नाही, म्हणून त्यांनी घसा खाकरून पुन्हा म्हटलं, "जरा? खारट झालंय नुसतं! इतकी वर्षं झाली, अजून तुझा हात..." ते खोकले.

"चला, बाबा बरे झाले एकदाचे," नवरा खूश होऊन म्हणाला आणि पावाचा तुकडा सुपात बुडवून, चव न घेताच गिळून मोकळा झाला. बापाची जीभ त्याच्यात उतरली नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

"चुकलंच माझं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सासऱ्यांच्या वाटीत आणखी एक डाव घातला.

मी एक घोट घेतला. मीठ अगदी बेताचं होतं. त्यांच्या हातचं इतकं चांगलं सूप मी कधी प्यायले नव्हते, आणि ते सांगायची मला चोरी होती.

सासऱ्यांनी वाटी पुसूनपुसून संपवली. पाणी प्यायले आणि पेला टेबलावर पालथा घातला. सासूबाईंना आमच्या खोलीतली ही पद्धत माहीत नाही. तांब्या हातात घेऊन त्या म्हणाल्या, "का हो? पाणी नको का आणखी?"